औषधाचे नाव आणि सेवेतील ऐक्य : बडोद्याच्या इतिहासातील एक बोध

रुग्णसेवा ही एकट्याची सेवा नव्हे. डॉक्टर औषध लिहून देतात, औषधविक्रेता ते देतो, परिचारिका ते वेळेवर घ्यावयास लावते आणि खेड्यात आरोग्यसेविका त्याचा परिणाम पाहते. या चौघांना परस्परांचे म्हणणे नीट कळले नाही, तर प्रत्येकाने आपले काम चोख बजावूनही रुग्णास अपाय होऊ शकतो. या दृष्टीने बडोदे शहराचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्याचे धुरीण रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर होते. पुढे गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून १९०७ साली अ‍ॅलेंबिक कंपनी उदयास आली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ व वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने औषध बनविणारे आणि औषध लिहिणारे एकाच नगरीत नांदू लागले.

परंतु एकत्र नांदणे म्हणजे एकमेकांना समजणे नव्हे. देशभर एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जात होते. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. एका डॉक्टरांनी ते एका नावाने दिले आणि दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने, तर रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेतो. आणि अतिमात्रेने यकृतास गंभीर इजा होते. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली.

हाच विचार बडोद्यात कृतीत उतरला. १९८३ साली तेथे ‘लोकॉस्ट’ हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला. गोरगरिबांत आरोग्यकार्य करणाऱ्या सेवाभावी संस्थांना आवश्यक औषधे मूळ नावाने व माफक किमतीत पुरवावीत, हे त्याचे उद्दिष्ट. येथे स्वस्ताईइतकीच दुसरी गोष्टही मोलाची आहे. वेष्टनावरील नाव डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकातील नावाशी जुळले, की औषध देणारा, शुश्रूषा करणारी व खेड्यातील सेविका या सर्वांची भाषा एक होते.

तथापि केवळ नावाने ऐक्य साधत नाही. डॉक्टरांनी मूळ नाव लिहिले, तर कोणत्या कारखान्याचे औषध द्यावयाचे, याचा निर्णय विक्रेत्याकडे जातो. आणि गुणवत्तेची खात्री नसेल, तर डॉक्टरांचा संशय अनाठायी म्हणता येत नाही. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत, शक्यतो मूळ नावानेच औषध लिहावे असे सांगितले होते. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अधिक कडक नियम केले. परंतु डॉक्टरांच्या संघटनेने गुणवत्तेचाच प्रश्न उपस्थित केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समान भाषा हा सहकार्याचा आरंभ आहे, पूर्तता नव्हे. भाषेमागे परस्परविश्वास हवा आणि विश्वासामागे औषधाची प्रामाणिक तपासणी हवी. आपल्या सेवाभावी रुग्णालयांनी हे तिन्ही सांभाळले, तरच चार जणांची सेवा एका रुग्णापर्यंत एक होऊन पोहोचेल.