लाट ओसरल्यानंतर

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात चक्रीवादळाचा धडा वारे, दाब आणि पाऊस यांवर संपतो. मृतांचा उल्लेख आलाच तर एका आकड्यापुरता. त्या आकड्यामागे काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी १९७० सालच्या भोला चक्रीवादळाकडे वळू या.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री हे वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आदळले. बंगालचा उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ होत जातो. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला तिथे पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते उंच चढते. त्यातच भरतीची वेळ. नद्यांच्या गाळाने बनलेल्या सखल बेटांवरून काही ठिकाणी सहा मीटरहून उंच पाणी गेले. तीन ते पाच लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे.

इथपर्यंतची गोष्ट निसर्गाची. पण वादळ अचानक आले नव्हते. हवामान-उपग्रहाने त्याची छायाचित्रे टिपली होती, रेडिओवरून इशाराही गेला होता. नंतरच्या पाहणीत असे दिसले, की सुमारे ९० टक्के लोकांना वादळाची कल्पना होती, परंतु पक्क्या आसऱ्याला जेमतेम १ टक्का लोक गेले. यात लोकांच्या अडाणीपणाला दोष देणे सोपे आहे. पण कुडाच्या झोपड्यांच्या त्या बेटांवर जायला पक्की इमारत होती कुठे?

नंतरची कहाणी सरकारची. पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्याखान चीनहून परतताना ढाक्याला थांबले, विमानातून पाहणी केली आणि पश्चिम पाकिस्तानात निघून गेले. वादळाला दहा दिवस उलटल्यावरही सरकारने मदतीसाठी लावलेली विमाने होती चार: एक लष्करी मालवाहू आणि तीन पिकांवर औषध फवारणारी. भारताने परवानगी न दिल्याने पश्चिमेकडून हेलिकॉप्टर आणता येत नाहीत, असे कारण सरकारने दिले. भारताने त्याचा इन्कार केला. बेटांवरच्या लोकांना या वादाशी काय घेणे? प्यायला गोडे पाणी नव्हते, घर नव्हते, नांगराला बैल उरला नव्हता.

अशा वेळी विज्ञानाने एक मोलाचे काम केले. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील सॉमर आणि मॉस्ली यांनी गावोगाव जाऊन नमुना पाहणी केली. मृतांपैकी निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुले होती. लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा एक तृतीयांश होता. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर आणि हातापायांवर खोल खरचटल्याच्या जखमा होत्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा. ज्यांच्या हातांत तेवढे बळ नव्हते, ते वाहून गेले. त्यांच्या हिशेबाने मृतांची संख्या किमान २,२४,००० भरते. भातकापणीसाठी बाहेरून आलेले मजूर यात नाहीत, कारण पाहणी घराघरांतून झाली आणि या मजुरांचे तिथे घरच नव्हते. म्हणजे मोजदादीतही सर्वांत गरीब माणूस सुटलाच.

७ डिसेंबर १९७० ला पाकिस्तानात निवडणूक झाली. वादळग्रस्त भागातले मतदान जानेवारी १९७१ पर्यंत पुढे ढकलले गेले. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या. भाषेची आणि आर्थिक अन्यायाची जुनी दुखणी त्यामागे होतीच, पण नोव्हेंबरमधल्या अनास्थेने त्यांना धार आली. वर्ष संपण्याआधी, १९७१ मध्ये, बांगलादेश स्वतंत्र झाला.

१९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. ते ध्वनिक्षेपक घेऊन वस्त्यांमध्ये इशारा पोहोचवतात. पुढे आश्रयगृहेही बांधली गेली. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० माणसे मेली, कारण आश्रयगृहे अपुरी होती. २००७ च्या ‘सिद्र’ या प्रचंड वादळात मात्र हा आकडा सुमारे ३,४०० होता. उपसागराचा आकार तोच, बेटेही तितकीच सखल. बदलली ती माणसांनी केलेली तयारी.

वर्गात असा विषय निघाला, की किती माणसे मेली हे विचारून आपण थांबू नये. कोण मेले, त्यांना कोणी कळवले होते, आणि त्यांच्यापर्यंत मदत कितव्या दिवशी पोहोचली, हे प्रश्नही मुलांनी विचारावेत. भूगोल आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय तिथे एक होतात.