दधीची ऋषींच्या बायकोला कुणी विचारलं होतं?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, आणि चहा यायच्या आत एक ताई म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी नेत्रदानाचा हट्ट धरलाय. घरातले म्हणतात, पुढच्या जन्मी आंधळ्या जन्माला याल. मी काय करू?"

आम्ही पंधराजणी. पाच मिनिटांत दोन तट पडले. एकीकडून दधीचीचं नाव पुढे आलं, दुसरीकडून गरुडपुराणाचं. गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी कुणीच काही वाचलेलं नव्हतं. मग वाचनालयातून पुराणांची भाषांतरं आणली, गुरुजींना विचारलं, रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

दधीचीची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं, देव हाडं मागायला आले, ऋषींनी देह ठेवला. शिबी राजानं कबुतराला वाचवायला स्वतःच्या अंगाचं मांस कापून तराजूत टाकलं. अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात ही दोन नावं येतातच. पण शिवपुराणात दधीचीची गोष्ट पुढे चालते, ती भाषणात कुणी सांगत नाही. दधीचीची बायको सुवर्चा त्या वेळी तिथं नव्हती. ती परत आली, तेव्हा सगळं उरकलं होतं. ती देवांवर इतकी संतापली की तिनं त्यांना शाप दिला. तिच्या पोटातलं मूल म्हणजे पिप्पलाद. दुसऱ्या पुराणात तिचं नाव वेगळं आहे, पण तिला आधी विचारलं नव्हतं, हे तिथंही तसंच. हे वाचल्यावर आमच्या बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

आता गरुडपुराण. त्यात सांगितलंय की दहा दिवसांच्या पिंडांनी गेलेल्या माणसाचा नवा देह एकेक अवयवानं घडत जातो. पहिल्या दिवशी डोकं, असं करत दहाव्या दिवशी भूक-तहान. म्हणजे ज्या ग्रंथाचा धाक घालतात, त्याच ग्रंथात नवा देह पिंडातून होतो. जुना तर आगीत राख झालेला असतो, डोळ्यांसकट! डोळे दिले म्हणून पुढच्या जन्मी आंधळेपण येत असेल, तर जाळल्यावर काय यायला हवं? जीर्ण वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह बदलतो, हे तर गीतेतलंच.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आमचे गुरुजी म्हणाले, अंत्येष्टी म्हणजे शेवटची इष्टी, शेवटची आहुती, आणि आहुती पुरी असावी असं जुन्या माणसांना वाटतं. त्या वाटण्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. मात्र हेही खरं की आपल्यात तान्ह्या मुलाला पुरतात, संन्याशाला पुरतात, लिंगायत बांधव पुरतात. सगळ्या हिंदूंनी मिळून एकच नियम कधी केलेला नाही. म्हणून निर्णय घरातच घ्यावा लागतो.

एकाचं कातडं काढून दुसरीकडं लावायची विद्या आपल्याकडे जुनी. सुश्रुतानं कापलेलं नाक पुन्हा करायची रीत लिहून ठेवली. आणि आपल्या पुण्याची गोष्ट तर थेट लंडनला पोचली. 1792च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं मेणाचं माप घेऊन त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या मासिकात हे चित्रासह छापून आलं, आणि 1814मध्ये तिथल्या कारप्यू नावाच्या शल्यविशारदानं ते करून पाहिलं. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. याचा आम्हाला अजून राग येतो.

ते स्वतःचंच कातडं होतं. दुसऱ्याचं घ्यायचं म्हटलं की प्रश्न वेगळा. फेब्रुवारी 1968मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाचं हृदय बदललं. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असं आपल्याकडे कायद्यात नव्हतं. ते आलं 1994मध्ये. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्यासाठी हा कायदा पहिल्यांदा झाला. त्यानं दुसरंही एक काम केलं. गरिबांच्या किडन्या तेव्हा उघड विकत घेतल्या जात होत्या, तो व्यवहार गुन्हा ठरला. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी हृदयाचं यशस्वी रोपण केलं.

खरी अडचण इथं आहे. आपल्या घरात मरण म्हणजे श्वास थांबणं. तोंडात तुळशीपत्र, गंगाजल, मग रडणं. व्हेंटिलेटरवर मात्र छाती वर-खाली होत असते, अंग गरम असतं, आणि डॉक्टर सांगतात, माणूस गेला. चार डॉक्टर मिळून दोनदा तपासतात, मधे किमान सहा तास जाऊ देतात. तरी आईचं मन ते कसं मानेल? अशा वेळी नाही म्हणणाऱ्या घराला आम्ही नावं ठेवणार नाही. घरच्यांच्या संमतीशिवाय अवयव घेत नाहीत. जे सुवर्चेला मिळालं नाही, ते घरच्यांना मिळतं.

जिवंतपणी देण्याची गोष्ट आणखी अवघड. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, आणि अवयव मिळणाऱ्यांत एका बाईमागे चार पुरुष. आमच्या ओळखीच्या एकीनं नवऱ्याला किडनी दिली. दवाखान्यात तिला एकटीला बसवून विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? ती नाही म्हणाली. बाहेर बाकावर सगळं सासर बसलं होतं. तिनं प्रेमानंही दिली असेल. पण आपल्या घरी याच्या उलट घडलं असतं तर कोण पुढे आलं असतं, हे आम्ही तिला विचारलं नाही. ओटी भरून परत आलो. ते चुकलं असं आता वाटतं.

आता त्या सासूबाई. आम्ही चौघी त्यांच्याकडे गेलो, पुराणातली सगळी माहिती पदराला बांधून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या जन्माचं मी बघून घेईन गं. या जन्मात माझ्या मनानं एक तरी वस्तू कुणाला देऊ द्या."

त्यांना आम्ही समुपदेशक बाईंनी सांगितलेलं सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. फक्त बुबुळावरचा काचेसारखा पडदा वापरतात, चेहरा विद्रूप होत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, उशाला उशी द्यायची, पंखा बंद. अर्ज भरला तरी ऐन वेळी फोन घरच्यांनीच करायचा असतो, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवायचं.

ताईचा नवरा अजून हो म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या नंबराखाली नेत्रपेढीचा नंबर खडूनं लिहिलाय. त्याच्या पुढे "पंखा बंद करा" हे मात्र नातवाच्या अक्षरात आहे.