कळांतर

दोन तरंगांच्या फेजमधल्या फरकाला मराठी परिभाषेत ‘कलांतर’ म्हणतात. आणि जुन्या मराठीत कळांतर म्हणजे चक्क व्याज! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (1150) हा शब्द भेटतो तो व्याजाच्याच गणितांत. कोणी म्हणेल, हा योगायोग. तरंगाची कला हा ‘फेज’चा अनुवाद, आणि फेजचे मूळ ‘दिसणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत, चंद्राच्या बदलत्या रूपांत. अनुवाद खराच, पण निवडलेला शब्द रिकाम्या हाताने आला नाही. चंद्राची कला म्हणजे सोळावा हिस्सा, पंचांगातली कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ग्रीकांचा शब्द दिसण्याचा, आपला मोजणीचा. स्पीकरची फेजही अंशांतच मोजतात, म्हणून ‘प्रावस्था’ हा प्रतिस्पर्धी शब्द मला फिका वाटतो.

व्याजाशी नाते तर स्पीकरच्या फेजच्या आलेखातच दिसते. मायक्रोफोन स्पीकरपासून 34 सेंटीमीटरवर ठेवला, तर आवाज सुमारे एक मिलिसेकंदाने पोचतो. तेवढ्या उशिराचे 100 हर्ट्झला 36 अंश होतात, 1000 हर्ट्झला 360 आणि 10,000 हर्ट्झला 3600. मुदत एकच, दर निराळे. आलेख मात्र उणे 180 ते अधिक 180 यांतच मावायचा, म्हणून त्याला करवतीचे दाते फुटतात. हे व्याज हवेतल्या प्रवासाचे. ते आधी वजा केले की उरते ती स्पीकरची स्वतःची फेज.

ती कानाला कळते का? 1843 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ओम यांनी कान मिश्र स्वर शुद्ध स्वरांत उलगडून ऐकतो असे मांडले; त्यात कान फेज जमेस धरत नाही, ही भर हेल्महोल्ट्झ यांनी घातली. एका स्थिर स्वरापुरते ते बरेचसे पटते. पण क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे खर्ज आणि तार स्वरांची वाटणी होते तिथे, तोच स्वर खर्जाचा वूफर आणि तार स्वरांचा ट्वीटर दोघेही काढतात. त्यांच्यात 180 अंशांचे अंतर पडले तर दोघे एकमेकांना गिळतात. फेजचा हिशेब आवाजाच्या पातळीत चुकवावा लागतो. उशीर मोठा असेल तर तो सरळ ऐकूही येतो. 1930च्या दशकात हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत टॅप नृत्याचा एकेक ठोका दुहेरी ऐकू येई, कारण खर्जाच्या भोंग्यातली वाट लांब होती. तो धडा शिअरर हॉर्न या चित्रपटगृहातल्या स्पीकरच्या घडणीत उतरला. आज पुढे असलेल्या ट्वीटरला तेवढा उशीर देऊन वाटेतला फरक मिटवतात. क्रॉसओव्हरने फिरवलेली फेज उरतेच. तीही एफआयआर हा डिजिटल फिल्टर सरळ करतो, पण त्यासाठी अख्खा आवाज काही मिलिसेकंद थांबवून धरतो. कळांतर फिटते, पण मुदत वाढवूनच.