लिओनोरा कॅरिंग्टन : अतिवास्तववादाची स्वतंत्र वाट

अतिवास्तववादी चित्रकार व लेखिका लिओनोरा कॅरिंग्टन यांचा जन्म ६ एप्रिल १९१७ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात झाला. वडील श्रीमंत कापड उद्योजक होते, तर आई मूळची आयर्लंडची. आई व दाई यांच्याकडून ऐकलेल्या आयरिश लोककथांचा ठसा त्यांच्या चित्रांवर अखेरपर्यंत राहिला. बेशिस्तीच्या कारणावरून त्यांना कॉन्व्हेंट शाळांतून काढून टाकण्यात आले होते. पुढे घरच्यांचा विरोध असूनही त्यांनी लंडनमध्ये आमेदे ओझाँफाँ यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले.

१९३७ मध्ये त्यांची जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट यांच्याशी भेट झाली आणि दोघे फ्रान्समध्ये एकत्र राहू लागले. याच काळात त्यांनी आपले प्रसिद्ध आत्मचित्र रंगविले. खुर्चीत बसलेली तरुणी, तिच्यासमोर तरस, मागे लाकडी घोडा आणि खिडकीबाहेर धावणारा पांढरा घोडा असे त्याचे स्वरूप आहे. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धात अर्न्स्ट यांना अटक झाली. १९४० मध्ये स्पेनला गेलेल्या कॅरिंग्टन यांचे मानसिक संतुलन ढळले. सांतांदेर येथील मनोरुग्णालयात त्यांना झटके आणणारी इंजेक्शने देण्यात आली. कुटुंबीय त्यांना दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयात पाठविणार होते. परंतु लिस्बनमध्ये त्यांनी पहारा चुकवून मेक्सिकोच्या वकिलातीत आश्रय घेतला. मेक्सिकन मुत्सद्दी रेनातो लेदुक यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेला व तेथून मेक्सिकोला गेल्या. मनोरुग्णालयातील अनुभव त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले.

मेक्सिकोत चित्रकार रेमेदिओस वारो व छायाचित्रकार काती ओर्ना या त्यांच्या जिवलग मैत्रिणी झाल्या. अंड्याच्या बलकात रंग खलण्याची जुनी युरोपीय पद्धत त्यांनी अंगीकारली. किमया, स्वयंपाकघर आणि मंत्रविद्या त्यांच्या चित्रांत एकत्र नांदतात. १९६३ मध्ये त्यांनी तेथील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी माया संस्कृतीवर भव्य चित्र साकारले. सत्तरच्या दशकात त्या मेक्सिकोतील स्त्रीमुक्ती चळवळीतही सहभागी झाल्या.

अतिवास्तववादी पुरुष कलावंतांनी स्त्रीला बहुधा प्रेरणादेवता मानले. कॅरिंग्टन यांनी ती भूमिका नाकारून स्वतःची प्रतिमासृष्टी उभारली. २५ मे २०११ रोजी मेक्सिको सिटीत त्यांचे निधन झाले. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनाला त्यांच्याच पुस्तकाचे शीर्षक देण्यात आले. २०२४ मध्ये त्यांच्या १९४५ सालच्या एका चित्राला न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे २.८५ कोटी डॉलर इतकी किंमत मिळाली.