गर्भाशयमुखाच्या स्वॅबची तपासणी: काय कळते, काय कळत नाही

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त दिसणे अशा तक्रारींमध्ये डॉक्टर गर्भाशयमुखाचा स्वॅब तपासायला सांगू शकतात. लैंगिक संबंधातून होणारे काही संसर्ग त्यातून ओळखता येतात.

त्रास नसतानाही संसर्ग असतो का?
हो. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकते किंवा गर्भ नलिकेतच राहू शकतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के होत्या.

नमुना कसा घेतात?
योनीमार्गात स्पेक्युलम घालून मऊ काडीने स्राव घेतात. एक-दोन मिनिटे लागतात, भूल लागत नाही. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि आतून धुणे टाळा. गर्भवती असाल तर आधीच सांगा.

कोणती तपासणी कशासाठी?
- पीसीआर: क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास. यासाठी स्वतः घेतलेला योनीस्रावाचा नमुनाही चालतो.
- पॅप स्मिअर: पेशींतील बदल. पॅप नॉर्मल आला म्हणजे क्लॅमिडिया नाही, असे नव्हे.
- एचपीव्ही तपासणी: कर्करोगाचा धोका वाढवणारे विषाणू. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढील तपासणी मात्र चुकवू नका.
- एचआयव्ही व सिफिलिस: यांसाठी रक्त तपासावे लागते.

क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?
प्रतिजैविकांनी हे संसर्ग बरे होतात. पतीला किंवा जोडीदारालाही त्याच वेळी उपचार हवेत, नाहीतर लागण पुन्हा होते. दोघांचे उपचार संपून सात दिवस होईपर्यंत संबंध टाळा. लगेच पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या जंतूंच्या अंशांमुळे ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गर्भवतीची फेरतपासणी साधारण चार आठवड्यांनीही करतात.

संसर्ग कधी झाला, कोणाकडून कोणाला गेला, हे रिपोर्ट सांगत नाही. क्लॅमिडिया अनेक महिने लपून राहू शकतो. म्हणून केवळ या कागदावरून घरात कोणावर आरोप करू नका. दोघे मिळून डॉक्टरांकडे या.

कुठे जावे?
सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर मोफत सल्ला व उपचार मिळतात. करंजाडेतील रहिवासी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करू शकतात. सरकारी केंद्रांत बरेचदा लक्षणांवरूनच औषध देतात. त्यामुळे त्रास नाही पण शंका आहे, किंवा जोडीदाराला लागण झाली आहे, तर तसे स्पष्ट सांगून तपासणी मागा.

तापासह ओटीपोटात तीव्र वेदना, किंवा पाळी चुकून पोटात दुखणे, असे झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.