सत्तावीस गुंठे, तीन फाटकं

परवा साताऱ्याच्या घराचं खरेदीखत झालं एकदाचं. हुश्श! घर म्हणाल तर तीन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. पण जागा ११ गुंठे! भर पेठेत एवढं मोठं परसू म्हटल्यावर जो तो विचारतो, "कधी पाडताय?"

कागद ट्रंकेत ठेवताना आजोबांचं १९५४ सालचं सांगलीचं खरेदीखत हाती आलं. त्यावर लिहिलंय, 'जिल्हा दक्षिण सातारा'. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झालं, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे कागदोपत्री आजोबांनीही साताऱ्यातच घर घेतलं होतं म्हणायचं!

त्यांचं घरही असंच. विश्रामबागेच्या बाजूला, दोन खोल्यांचं, आणि भोवती २७ गुंठे. विहीर, आंबा, चिंच. तेव्हा त्या भागात जागा स्वस्त होती, वीटकाम महाग. म्हणून घर लहान आणि आवार मोठं. श्रीमंती वगैरे काही नव्हती हो.

मग १९७५ उजाडलं. आणीबाणीतल्या वीस कलमी कार्यक्रमात शहरी जमिनीवर मर्यादा आणायचं कलम होतं. पुढच्याच वर्षी नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. मर्यादा मुंबईत ५००, पुण्यात १,०००, आणि सांगलीत २,००० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यामुळे आजोबांचे २७ गुंठे भरले २,७०० च्या वर!

आजोबा कायदा येईपर्यंत थांबलेच नाहीत. पेपरात बातम्या वाचल्या आणि घाईघाईने तीन मुलांत वाटणी केली, नऊ-नऊ गुंठे. घर बाबांकडे आलं, विहीर थोरल्या काकांकडे, आंबा धाकट्यांकडे. जमीन वाचली. पण वर्षभरात मध्ये दोन भिंती आल्या आणि रस्त्याला तीन फाटकं लागली. विहिरीवर पाण्याला जायचं तर आईला रस्त्यावरून वळसा पडायचा. पुढे पुढे तिने जाणंच सोडलं. आंब्याच्या पाट्या आधी यायच्या, मग नुसता निरोप, मग तोही नाही.

महाराष्ट्रात तो कायदा २००७ साली रद्द झाला. भिंती मात्र तशाच आहेत.

साताऱ्याचं नाव त्या कायद्याच्या यादीत नव्हतं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाहूनगर वसलं, त्याच्याच या पेठा. यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी इथल्या हौदांत यायचं. आमच्या परसातही एक हौद आहे, आता कोरडा. घर विकणारी तीन भावंडं साठी-सत्तरीची. मिळकत पत्रिकेवर तिघांची नावं एकत्र, वाटणी कधी झालीच नाही. मी विचारलं, "का नाही केली?" ताई म्हणाल्या, "अहो, हौद कुणाला द्यायचा?"

मी काहीच बोललो नाही. डोळ्यांपुढे आमची विहीर आली.

आता गोष्ट आमच्यावर आली आहे. पैसे दोघा भावांचे. धाकटा म्हणतो, "दादा, आत्ताच साडेपाच-साडेपाच करून टाकू, पुढे भांडण नको." त्याचं चूक नाही. आजोबांचंही चूक नव्हतं. त्यांनी जमीन वाचवायला वाटणी केली, हा भाऊपण वाचवायला करू म्हणतोय.

तर बाबा रे, तू हे वाचणार म्हणून इथेच लिहितो. खोल्या वाटून घेऊ, खर्च वाटून घेऊ, वाटलं तर कागदावर हिस्सेही लिहू. पण हौद आणि परसू सामाईक राहू दे. आणि फाटक एकच.

आईला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला तिला इथे आणू. हौदापर्यंत सरळ चालत जाता येतं, ते तिला दाखवायचंय.