दोन थरांचं अक्षर

अमेरिकन विद्यापीठांतल्या खेळाडूंच्या जाकिटावर, छातीच्या डाव्या बाजूला एक जाडजूड अक्षर असतं. त्याचे कोपरे तिरके छाटलेले असतात आणि भोवती दुसऱ्या रंगाची कड असते. हे 'व्हार्सिटी' वळण आता तयार फाँटमध्ये मिळतं. वाढदिवसाच्या पताकांपासून टी-शर्ट, पिशव्या आणि वह्यांच्या मुखपृष्ठांपर्यंत ते सगळीकडे दिसतं. पण ते कोणा अक्षरकाराने कागदावर बसून रेखलेलं नाही. त्याची जाडी, छाटलेले कोपरे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कड, हे सगळं लोकरी कापड, कात्री आणि सुई यांनी ठरवलं. हे एकदा ध्यानात आलं की असं अक्षर करताना हात आपोआप बरोबर चालतो.

या घराण्याचा मूळपुरुष मात्र वेगळाच दिसायचा. 1865 मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघाने आपल्या राखाडी फ्लॅनेलच्या शर्टांवर 'एच' भरून घेतला. तो होता जुन्या इंग्रजी वळणाचा, टोकदार, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शीर्षात दिसतो त्या जातीचा. पुढच्या दशकात फुटबॉल संघानेही तो उचलला आणि त्याबरोबर एक रिवाज पडला: महत्त्वाच्या सामन्यांत जो खेळला त्यानेच ते अक्षर स्वतःकडे ठेवायचं, बाकीच्यांनी मोसम संपल्यावर परत करायचं. या एका नियमाने कापडाच्या तुकड्याला पदकाची किंमत आली. 1891 मध्ये हार्वर्डमध्येच अक्षर स्वेटरवर गेलं. 1930 च्या सुमारास लोकरी अंगाचं आणि चामड्याच्या बाह्यांचं जाकीट रुळलं, ते आजवर फारसं बदललेलं नाही.

टोकदार 'एच' जाऊन ठोकळ्यासारखी अक्षरं का आली, याचं उत्तर फेल्टमध्ये आहे. फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकमेकांत घट्ट गुंतवलेले असतात. त्यामुळे कापलेल्या कडेतून धागे सुटत नाहीत आणि दुमड घालावी लागत नाही. अक्षर कापायचं आणि थेट शिवायचं. पण जाड फेल्टमधून कात्रीने नेमका गोल काढणं अवघड, सरळ काप मात्र सोपा. म्हणून 'ओ'चा अष्टकोन झाला आणि 'सी', 'डी', 'एस' यांची वळणं तिरक्या छाटीने भागवली गेली. जाड फराटे आणि टोकांना चौकोनी पाट्या असलेली अक्षरं एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातींच्या लाकडी टाइपांतून अमेरिकेच्या डोळ्यांना सवयीची झालीच होती. बारीक फराटा फेल्टमध्ये टिकला नसता, कारण टाक्याला दोन्ही बाजूंनी जागा लागते.

आता कड. जाकिटावरच्या अक्षराचा फुगीर, मऊ पृष्ठभाग ज्या भरतकामाने होतो त्याला शेनील म्हणतात. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये अँत्वान बोनाझ यांनी साखळी टाक्याचं भरतकाम यंत्र बनवलं आणि पॅरिसच्या कोर्नेली यांनी ते जगभर पोचवलं. या यंत्राच्या टेबलाखाली एक मूठ असते. कारागीर ती फिरवत सुईला दिशा देतो, म्हणजे कापड न वळवता टाका वळतो. त्यावर लोकरीच्या धाग्याचे उभे फासे दाटीने भरता येतात. अक्षराचं पोट या फाशांनी भरलं की खालचं फेल्ट भोवताली थोडं सोडून कापतात, आणि तीच पहिली कड. त्याखाली वेगळ्या रंगाचं, आणखी मोठं कापलेलं फेल्ट लावलं की दुसरी. म्हणजे ही आउटलाइन कोणी वरून ओढलेली नाही. ती खालच्या थराचा उघडा राहिलेला भाग आहे. खेळाच्या जर्सीवर फेल्टऐवजी ट्विल हे विणलेलं कापड आलं तेव्हाही थरांची हीच पद्धत राहिली, फक्त ट्विलचे धागे सुटू नयेत म्हणून कडेवर दाट नागमोडी शिलाई आली.

कड नुसती शोभेसाठी नव्हती. निळ्या कापडावर लाल अक्षर लांबून वाचता येत नाही, दोन्ही गडद रंग एकमेकांत मिसळतात. मध्ये पांढरी रेघ घातली की अक्षर सुटं होतं. युरोपातल्या ढाली-निशाणांच्या शास्त्रात ही युक्ती फार जुनी आहे. ब्रिटिश ध्वजावर निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल फुलीभोवती पांढरी पट्टी आहे ती याचसाठी. मैदानावर तर लांबून ओळखू येणं हीच खरी गरज. 1929 मध्ये न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने फलंदाजीच्या क्रमाने पाठीवर आकडे लावले. बेब रूथला 3 आणि लू गेरिगला 4 मिळाला तो तसा. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतूनही वाचता येतील असे आकडे सगळ्याच खेळांना हवे होते, आणि छाटलेल्या कोपऱ्यांचं हे वळण तिथे चपखल बसलं.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो अक्षर कमावण्याचा. आणि ते कमावण्याची संधी फार काळ बहुतेक मुलग्यांनाच होती. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला मनाई केली आणि मुलींचे संघ वाढले, तेव्हा कुठे हजारो मुलींच्या छातीवर स्वतःच्या कर्तबगारीचं अक्षर आलं. तोवर मैत्रिणीने मित्राचं जाकीट घालायचं, एवढाच तिचा वाटा असे.

कमावलेल्या अक्षराशेजारी विकतचं अक्षरही वाढत होतं. छापील स्वेटशर्ट विद्यापीठांच्या दुकानांत आले आणि कोणालाही नाव मिरवता येऊ लागलं. 1978 च्या 'ॲनिमल हाउस' चित्रपटात जॉन बेलुशीच्या स्वेटशर्टावर तर नुसतं 'कॉलेज' एवढंच लिहिलेलं आहे. कॉलेज कुठलं, हा प्रश्नच उरला नाही. याच काळात ब्रिटनच्या लेट्रासेट कंपनीने घासून उतरवायच्या अक्षरांच्या शीटमध्ये हे वळण आणलं: 1970 मध्ये कॉलिन ब्रिग्नल यांचं 'सुपरस्टार', 1981 मध्ये डिक जोन्स यांचं 'प्रिन्सटाउन'. शिवणाच्या दोन थरांची आता शाईची एक रेघ झाली.

इथूनच आजच्या कामांतल्या चुका सुरू होतात. अनेकजण अक्षराची प्रत काढतात, ती मोठी करतात आणि मागे ठेवतात. मोठं केल्याने कड सारखी पडत नाही, आणि 'ए' किंवा 'बी'च्या पोटातली पोकळी लहान व्हायच्या ऐवजी उलट मोठी होते. खालचा थर मोठा करायचा नसतो, तो सगळ्या बाजूंनी सारख्या अंतराने बाहेर सरकवायचा असतो. कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये यालाच कॉन्टूर म्हणतात. तिथे कोपरा गोल न ठेवता टोकदार निवडावा, नाहीतर कात्रीची खूण पुसली जाते. कोपऱ्यातली 45 अंशांची छाट अर्ध्या इंचाची असेल आणि कड पाव इंचाची, तर खालच्या थरातली छाट साधारण 0.7 इंच होते. हा फरक डोळ्याला जाणवतो. पोकळी अरुंद असेल तर आतली कड सोडून द्यावी. दोन अक्षरांमध्ये दोन्ही कडा मावतील एवढी जागा ठेवावी, नाहीतर त्या मुद्दाम एकमेकींत मिसळू द्याव्या. अर्धवट भिडलेल्या कडा सर्वांत वाईट दिसतात.

देवनागरीत हे काम आणखी रंगतं. ढोल-ताशा पथकाच्या किंवा कबड्डी संघाच्या टी-शर्टावर मराठी नावाला आउटलाइन दिली की शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या जोडापाशी आडव्या शिरोरेषेला कापणारी उभी चीर उमटते, कारण फाँटमधली अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. म्हणून मजकूर आधी कर्व्ह करायचा, म्हणजे त्याचे नुसते आकार बनवायचे, मग सगळे तुकडे वेल्ड करून एकसंध करायचे आणि कड त्यानंतर काढायची. 'र', 'ल', 'श' यांची वळणं सरळ कापांत आणताना अक्षराची ओळख हरवू नये एवढं पाहावं लागतं. 'ळ' मात्र दोन अष्टकोनांत सुरेख बसतो.

आणि कापडावर करायचं असेल तर देवनागरीला एक फायदा आहे जो रोमन लिपीला कधी मिळाला नाही. रोमन अक्षरं एकेक कापून, ओळ साधत, अंतर मोजत शिवावी लागतात. 'शिवनेरी' हे नाव शिरोरेषेमुळे फेल्टच्या एकाच तुकड्यात निघतं. 'सिंहगड' असेल तर अनुस्वाराचा ठिपका तेवढा सुटतो. पण खालचा थर थोडा रुंद कापला की त्याची कड ठिपक्यापर्यंत पोचते. मग ठिपका त्या थरावर आधी टाचून घ्यायचा, त्यावर नाव बसवायचं आणि सगळं एकदमच जाकिटावर शिवायचं.